उरलेली अकरा मिनिटं

सुरानला ती फाइल माझ्या हातून चुकून गेली. पण त्यानंतर मी जे जे केलं, त्यातलं काहीच चुकून केलं नव्हतं. म्हणून हे सांगायला बसले आहे.

माझं नाव साबिरा. आत-बाशीकडच्या एका डोंगराळ गावात मी शाळेत संगणक शिकवते. गावातली निम्मी घरं म्हाताऱ्या माणसांवर आणि नातवंडांवर चालतात. मधली पिढी रशियात आहे, कुणी बांधकामावर, कुणी तेलाच्या विहिरींवर. त्यामुळे लग्नाचा व्हिडिओ, जमिनीचा दाखला, नातू चालायला लागला की त्याच्या पायात दोरी बांधून ती कापतात त्याचं चित्रण, जे काही तिकडे पाठवायचं असेल ते माझ्याकडे येतं. मोठी फाइल फोनवरून जात नाही, म्हणून मी ती क्लाउडवर चढवते आणि लिंक देते. पण नुसती लिंक दिली की तिकडच्या माणसाची फजिती होते. आधी एक पान उघडतं, त्यावर चक्र फिरत बसतं, मग ते म्हणतं खातं उघडा, मग पासवर्ड टाका. बराकीत वीस माणसं एका इंटरनेटवर. तेवढ्यात लाइनच जाते.

मग मी काय करते, त्या लिंकच्या पोटात तीस-बत्तीस अक्षरांची खिचडी असते, ती उचलते. ती त्या फाइलची ओळख. ती दुसऱ्या एका पत्त्यात नेऊन बसवायची. तो पत्ता माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेला आहे. मग लिंकवर बोट लावलं की मधलं पान नाही, विचारणं-पुसणं नाही, फाइल थेट फोनमध्ये उतरते. यात मोठी विद्या काही नाही. पण गावात मला त्याचा मान होता, आणि मला तो आवडायचा.

मागच्या फेब्रुवारीत बुरूल गेली. आमच्या शेजारी केन्जेकान आपा राहते, सत्तरीची, तिची ही धाकटी जाऊ. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही केव्हाच गेलेले. दोन घरांच्या मधे कुंपण आहे, पण त्यात माणूस जाईल एवढी मोकळी जागा ठेवलेली आहे. दिवसातून दहादा या तिकडे, त्या इकडे. बुरूलला दोन मुली. केन्जेकान आपाला एकटा सुरान. सुरान म्हणजे मागून घेतलेला. लग्नानंतर बारा वर्षं तिची कूस रिकामी होती, मग हा झाला. देवाकडे मागून घेतला म्हणून हे नाव, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, रशियात सुरगुतला क्रेन चालवतो. आपा म्हणजे आई, आणि कुठल्याही वडीलधाऱ्या बाईलाही आम्ही तेच म्हणतो; बुरूलला तो ‘धाकटी आपा’ म्हणायचा.

तिच्या मयताला तो आला नाही. केन्जेकान आपाने त्याला फोनवर सांगितलं की दोलोनचा घाट बर्फाने बंद झालाय, अर्ध्यात अडकशील, येऊ नकोस. बुरूलच्या अंगणात युर्त, म्हणजे नमद्याचा तंबू, उभारला होता. आत भिंतीकडे तोंड करून केन्जेकान आपा जावेसाठी विलापगीत गायली, आणि ती गात होती तेवढा वेळ बाहेर काठ्यांवर वाकून रडणारे पुरुषसुद्धा गप्प झाले. असं गाणं मी तरी आजवर ऐकलं नव्हतं.

आठवड्याभराने सुरानचा मला फोन आला. मला तो एजे, म्हणजे ताई, म्हणतो.

“साबिरा एजे, तुमच्या शाळेत ते आवाज भरायचं यंत्र आहे ना? घेऊन जा ना आपाकडे. धाकट्या आपासाठी तिनं काय गायलं ते मला ऐकायचंय. माती द्यायला येता आलं नाही, निदान तेवढं तरी कानावर पडू दे.”

मी यंत्र घेऊन गेले. केन्जेकान आपा भडकलीच.

“मेलेल्या माणसाला गायलेलं परत गातात होय? मी काय रेडिओ आहे, बटण दाबलं की वाजायला?”

“सुराननं मागितलंय, आपा.”

तिने डोक्यावरच्या रुमालाने तोंड पुसलं, भिंतीकडे वळली आणि म्हणाली, “बस तिथे. बोलू नकोस मधे.”

बत्तीस मिनिटं ती गायली. गाणं संपलं तेव्हा तिच्या खांद्यांचं थरथरणं थांबलं नव्हतं. अशा वेळी पुढे होऊन बटण दाबणं मला बरं वाटलं नाही. निदान पहिली दोन मिनिटं तेच कारण होतं. त्यानंतर ती बोलायला लागली, आणि मी बटण दाबलं नाही ते मला पुढचं ऐकायचं होतं म्हणून.

“त्यानं यायला हवं होतं,” ती म्हणाली. “पुरुषांत सगळ्यात पुढे त्यानं उभं राहायला हवं होतं.”

“पण घाट बंद होता ना, आपा.”

“घाट कसला बंद? मी केला बंद.” तिने अजूनही भिंतीकडून तोंड वळवलं नव्हतं. “त्याची आई होती ती. बुरूल. आता तुला सांगते, तुझ्या वयाच्या कुणाला ठाऊक नाही. तिला पहिला मुलगा झाला. घरी आणला त्याच्या तिसऱ्या दिवशी सासूनं उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. सासरा म्हणाला, हा थोरलीचा. एकोणीस वर्षांची पोर ती, हूं की चूं केलं नाही. दूध तिला फुटलं होतं. मी त्याला पाजायला तिच्याकडे न्यायची, आणि तो पीत असेपर्यंत तिथून हलायची नाही. एकदा जरी ती त्याला ‘माझ्या राजा’ म्हणाली असती ना, तर मी मेले असते. ती नाही म्हणाली. अडतीस वर्षांत एकदाही नाही.”

“आणि मयताला?”

“तो आला असता तर रडता रडता कुणीतरी म्हातारं बोलून गेलं असतं, आईला बघून घे बाबा. त्या भीतीनं मी त्याला तिकडेच ठेवलं. ती जन्मभर गप्प बसली, आणि मी तिला मुलाच्या हातची मूठभर मातीसुद्धा मिळू दिली नाही.”

थोड्या वेळाने तिचं लक्ष यंत्राकडे गेलं. लाल दिवा चालू होता.

“हे सगळं त्याच्यात गेलं का गं?”

“गेलं. पण मी कापते, आपा. गाणं तेवढंच ठेवते.”

तिने खाली अंथरलेल्या दस्तरखानावरचा नान उचलला आणि माझ्या हातात दिला. “धर हातात. आता बोल.”

नान हातात धरून मी शब्द दिला; असा शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही.

घरी येऊन मी तो भाग कापलाही. मूळ फाइल त्रेचाळीस मिनिटांची होती, कापलेली बत्तीस. मूळ फाइल पुसायला हवी होती. मी पुसली नाही. संगणक शिकवणाऱ्या माणसाला मूळ प्रत पुसवत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ती शेवटची अकरा मिनिटं मी त्याच रात्री आणखी एकदा ऐकली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. तिच्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट माझ्या लॅपटॉपमध्ये होती आणि ती उघडून बघण्यात मला गोडी लागली होती. लॅपटॉपमधलं फाइलींचं कपाट, म्हणजे फोल्डर, आपोआप क्लाउडवर चढतं. दोन्ही फाइली तिथे शेजारी शेजारी जाऊन बसल्या.

दोन दिवसांनी मधल्या सुटीत मी शिक्षकांच्या खोलीत सुरानसाठी लिंक करायला बसले. इतिहास शिकवणारी नुरझात शेजारी चहा पीत होती.

“चालला का तुझा कारखाना?” ती म्हणाली. “मला एकदा शिकव. नाहीतर तू मेल्यावर गावाचं कसं होणार?”

“बघ, मोजून पाच सेकंद लागतात,” मी म्हटलं. फाइल ‘लिंक असेल त्या कुणालाही’ अशी खुली केली, अक्षरांची खिचडी उचलली, दुसऱ्या पत्त्यात बसवली. “एक, दोन, तीन, चार. झालं!”

“बाई गं,” नुरझात म्हणाली, आणि मी खूश झाले. मुलांना मी दर वर्षी शिकवते की लिंक दुसऱ्याला देण्याआधी स्वतः उघडून बघा. साधी लिंक असती तर ती उघडल्याबरोबर पानावर फाइलचं नाव आणि मिनिटं दिसली असती. थेट लिंकला पानच नसतं. आणि त्या दोन फाइलींच्या ओळखीची अक्षरं माणसाच्या डोळ्याला सारखीच दिसतात. घंटा झाली. मी लिंक सुरानला पाठवली आणि सहावीच्या वर्गावर गेले.

तास संपल्यावर त्याचा आवाजी मेसेज आलेला होता. मागे वाऱ्याचा घोंघाट.

“एजे, बोट लावलं की उतरलं! शंभर वर्षं जग. त्रेचाळीस मिनिटं आहे, केवढं गायली म्हातारी! आता कामावर चढतोय, जेवणाच्या सुटीत ऐकतो.”

त्रेचाळीस. मी आधी धावत जाऊन लिंक बंद केली, आणि बंद करताना मला कळत होतं की याचा काही उपयोग नाही. फाइल तिथून केव्हाच निघाली होती. आता ती एका माणसाच्या खिशात होती, तीन हजार किलोमीटरवर.

माझ्या हातात तीन तास होते. त्याला फोन करून सांगता आलं असतं, की सुरान, माझी चूक झाली, त्यात आपाचं खाजगी बोलणं आहे, तुझ्या आईची शपथ आहे, ऐकू नकोस, पुसून टाक. तो तसा सरळ माणूस आहे. त्याने पुसलं असतं, असं मला आजही वाटतं. पण मग त्याने विचारलं असतं, खाजगी काय? आणि आपाला कळलं असतं की मी मूळ फाइल ठेवली होती. मी फोन केला नाही. मी लिहिलं: “सुरान, फाइलमध्ये बिघाड झालाय. शेवटची दहा-बारा मिनिटं खराब आहेत. ऐकू नकोस, पुसून टाक. नवीन पाठवते.” आणि बत्तीस मिनिटांची लिंक पाठवली, या वेळी चारदा उघडून बघून.

उत्तर आलं नाही. संध्याकाळीही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

केन्जेकान आपा मात्र कुंपणापाशी वाट बघत उभी असायची.

“मिळालं का गं त्याला? काय म्हणाला?”

“मिळालं, आपा.”

“ऐकलं का?”

“ऐकलं. रडला म्हणाला.” हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला कळलं नाही. एकदा निघाल्यावर मी त्याला तिखटमीठ लावलं. “बराकीतल्या सगळ्यांना ऐकवलं म्हणे. म्हणाला, माझ्या आपासारखं कुणी गात नाही.”

म्हातारीचा चेहरा उजळला. ती आत गेली आणि पिवळ्या लोण्याची बरणी घेऊन आली. “उन्हाळ्यातलं आहे, वरच्या कुरणातलं. पोरांना दे.” मी बरणी घेतली. माझ्या मुलांनी ते लोणी आठवडाभर गरम नानाला लावून खाल्लं. एक घास माझ्याही पोटात गेला.

लिंक पाठवल्याच्या नवव्या दिवशी दुपारी वर्गाच्या दाराशी सुरान उभा होता. दाढी वाढलेली, खांद्यावर पिशवी, बूट चिखलाने माखलेले. आधी घरी न जाता तो शाळेत आला होता. मुलं मला सोडून त्याच्याकडे बघायला लागली. मी बाहेर आले.

“एजे,” तो म्हणाला, “शेवट खराब नव्हता.”

“सुरान, मी...”

“तू लिहिलंस, शेवट बिघडलाय. मला वाटलं, बिचारी आता पुन्हा सगळा खटाटोप करणार. म्हटलं किती बिघडलंय ते बघू, फार नसेल तर सांगू राहू दे म्हणून. त्यासाठी पहिल्यांदा शेवटच लावला.” तो खिडकीतून बाहेर बघत होता. “वर क्रेनवर होतो. खालून पोरं ओरडत होती, साखळी सोड म्हणून. माझा हातच चालेना. गाणं अजून ऐकलेलंच नाही मी.”

मी काही न लिहिता गप्प बसले असते, तर तो सुरुवातीपासून ऐकत गेला असता. कदाचित जेवणाच्या सुटीत शेवटापर्यंत पोचलाही नसता, आणि तेवढ्यात मी फोन करण्याइतकी शहाणी झाले असते. माझ्या खोटेपणानेच त्याला बोट धरून तिथे नेलं होतं.

“आणखी कुणी ऐकलंय?” त्याने विचारलं.

“कुणी नाही. मी फक्त.”

“किती वेळा?”

“ती बोलत होती तेव्हा. आणि नंतर दोनदा.”

त्याने मान हलवली. रागावला असता तर बरं झालं असतं.

“परवा आपाशी बोललो. म्हणाली, साबिरा सांगते तू बराकीला गाणं ऐकवलंस, रडलास. मी हो म्हटलं. काय म्हणणार?” मग तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. “आता चल माझ्याबरोबर. मला कसं कळलं ते तू तिला सांगायचंस. तिचं बोलणं मी चोरून ऐकलं, हे माझ्या तोंडून मी सांगणार नाही.”

केन्जेकान आपा त्याला बघून आधी ओरडली, मग हसली, मग त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला.

“सांगून यायला काय झालं होतं? कामावरून काढलं की काय? आणि ही दाढी कसली, मुल्ला होणारेस का?” तिने त्याचं कपाळ हुंगलं. “बस, बस. तळलेले बोरसोक सकाळचेच आहेत. साबिरा, उंबऱ्यात काय उभी राहिलीस गार वारा आत सोडत? ये आत.”

आम्ही बसलो. तिने चहा ओतला. सुरानने नानचा तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि माझ्याकडे बघत राहिला.

“आपा,” मी म्हटलं, “त्या क्लाउडमध्ये ना, जरा गडबड झाली...”

सुरानने हातातला पियाला खाली ठेवला. आवाज झाला नाही, पण मी थांबले.

“नाही. गडबड काही झाली नाही,” मी म्हटलं. “मी ते कापलं होतं. पण मूळ होतं तेही ठेवलं होतं, पुसलं नव्हतं. लिंक करताना मी मुळाची केली. त्याला सगळं गेलं. आणि तो रडला वगैरे मी सांगितलं, ते खोटं होतं. माझं त्याच्याशी बोलणंच झालं नव्हतं.”

चुलीत कोळसा ढासळला. केन्जेकान आपाने माझ्याकडे पाहिलं नाही. ती सुरानकडेही बघत नव्हती. दस्तरखानावरचे बोरसोक ती एकेक करून जवळ ओढत होती, जणू त्यांचं गाठोडं बांधायचं होतं.

“किती ऐकलंस?” तिने त्याला विचारलं.

“शेवटचं.”

“मग घाटाचंही ऐकलंस.”

“ऐकलं. पण मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. घाट बंद होता का, आपा?”

“नव्हता,” ती म्हणाली.

तो उठला. त्याने कोट घातला नाही, टोपी घातली नाही. दार उघडून बाहेर गेला. खिडकीतून आम्हाला दिसलं, तो कुंपणातल्या मोकळ्या जागेतून पलीकडे गेला आणि बुरूलच्या घराच्या ओट्यावर बसला. दार ठोठावलं नाही. नुसता बसून राहिला, गुडघ्यांवर कोपरं टेकून.

“त्या दिवशी नान धरला होतास ना हातात?” केन्जेकान आपाने मला विचारलं.

“हो.”

“मग आता जा.”

मी घरी गेले आणि दोन्ही फाइली पुसल्या. लॅपटॉपमधून, यंत्रातून, क्लाउडमधून, क्लाउडच्या कचऱ्याच्या डब्यातून. माझ्याकडे आता काही उरलं नाही. त्याच्या फोनमधली प्रत मला परत बोलावता येणार नव्हती.

सुरान बुरूलच्या चाळिसाव्या दिवसापर्यंत राहिला. रोज सकाळी कबरस्तानात जायचा. मुल्लाला आणि म्हाताऱ्यांना बोलावून त्याने कुराण वाचून घेतलं, आणि ‘माझी आई बुरूल हिच्यासाठी’ असं सगळ्यांसमोर म्हणाला. गावात एकच बोभाटा झाला. पण त्याला कसं कळलं, हे त्याने कुणाला सांगितलं नाही आणि केन्जेकान आपानेही नाही. मी तर नाहीच नाही.

गावाला कारण लागतं. दुकानात साबण घेताना मी ऐकलं, “गुलायमनं फोडलं असणार.” गुलायम म्हणजे बुरूलची थोरली मुलगी. “आईनं मरताना हिच्या कानात सांगितलं, आणि हिनं लगेच भावाला फोन. म्हातारीचं एकुलतं पोर, तेही काढून घेतलं. कसली माणसं असतात!” दुकानदारीण माझ्याकडे वळून म्हणाली, “खरं की नाही, साबिरा?”

“मला काय माहीत,” मी म्हटलं, आणि साबण घेऊन बाहेर पडले.

दोन आठवडे मी असंच काढलं. गुलायम नळावर यायची तेव्हा बायका बादल्या उचलून बाजूला व्हायच्या. मीही त्या बायकांत होते, बादली हातात धरून.

चाळिसाव्याच्या आदल्या सकाळी बुरूलच्या अंगणात आम्ही दहा-बारा बायका बोरसोक तळायला जमलो. गुलायम एका कोपऱ्यात एकटी पीठ मळत होती. केन्जेकान आपा भिंतीला टेकून बसली होती. एक म्हातारी मुद्दाम मोठ्याने म्हणाली, “पीठ चांगलं मळतेस गं. तोंडही असंच घट्ट ठेवलं असतंस तर!”

दोघी-तिघी हसल्या. गुलायमने मान वर केली नाही. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या, आणि मी हातातला झारा खाली ठेवला.

“तिनं काही सांगितलेलं नाही,” मी म्हटलं. “तिला ठाऊकही नव्हतं. मी केलं ते.”

मी सगळं सांगितलं. यंत्राचं, नानाचं, न पुसलेल्या फाइलीचं, चार सेकंदांच्या बढाईचं, बिघाडाच्या खोट्या मेसेजचं, लोण्याच्या बरणीचंसुद्धा. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला, तेव्हा कुणीतरी म्हणालं, “मोठ्यानं बोल, मास्तरीण, वर्गात बोलतेस तशी.” मी मोठ्याने बोलले.

“म्हणजे माझ्या भावजयीचे ऑपरेशनचे कागद तू सुरगुतला पाठवलेस,” एकजण म्हणाली, “तेही वाचलेस का गं?”

“नाही.”

“आता कोण विश्वास ठेवणार?”

ती माझ्याकडे पाठ करून बसली.

गुलायम पिठाचे हात तसेच घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, मारेल.

“दोन आठवडे, एजे,” ती म्हणाली. “आई जाऊन महिना झालेला. मी पाण्याला पहाटे जात होते, कुणाच्या तोंडी पडायला नको म्हणून. तू बघत होतीस मला. तुझी खिडकी नळावरच आहे.”

“हो. बघत होते.”

ती आणखी काहीतरी बोलणार होती, पण केन्जेकान आपा भिंतीपासून उठली. ती गुडघे धरत आली, माझ्या बाजूने पुढे गेली, आणि पुतणीचे पिठाने भरलेले हात आपल्या हातांत घेतले.

“मलाही बोलता आलं असतं,” ती गुलायमला म्हणाली. “मला ठाऊक होतं तू नाहीस. मीही दोन आठवडे गप्पच बसले. लाज वाटत होती, पोरी.”

कढईत पहिला घाणा काळा पडत होता. कुणीतरी ओरडलं, आणि आम्ही सगळ्या पुन्हा कामाला लागलो. मला कुणी जा म्हणालं नाही. कुणी माझ्याशी बोललंही नाही. मी दुपारपर्यंत उभ्याने तळत राहिले.

दुसऱ्या दिवशी सुरान पुरुषांत सगळ्यात पुढे उभा होता. केन्जेकान आपा गायली नाही. गुलायम गायली, अडखळत, तिला शब्द सापडत नव्हते, आणि केन्जेकान आपा तिच्यामागे बसून तिला हळूच एकेक ओळ सांगत होती.

जाण्याआधी सुरान माझ्याकडे आला नाही. पुढे उन्हाळ्यात त्याचा एकदा मेसेज आला. गाणं आता ऐकलं, एवढंच त्यात होतं. मी उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि शेवटी पाठवलं: “माझ्यामुळे तुला असं कळलं, याची मला लाज वाटते.” त्याने ते वाचल्याची खूण दिसते. त्यापुढे काही नाही.

बऱ्याच घरांनी आता फाइली आत-बाशीच्या फोनदुकानातून पाठवायला सुरुवात केली आहे. काहीजण अजून माझ्याकडे येतात, आणि मी काम करत असताना पडद्याकडे टक लावून बसतात. मी त्यांना बसू देते. केन्जेकान आपा कुंपणापाशी भेटली की कोळशाबद्दल बोलते, कोंबड्यांबद्दल बोलते. परवा तिने विचारलं की आमच्या गाईला काय झालंय, दोन दिवस हंबरते आहे. मी म्हटलं, वासरू विकलं. ती “बरं” म्हणाली आणि आत गेली.